बेपत्तांचा शोध



पानिपतच्या रणभूमीवर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. लढाईनंतर प्रेतांच्या राशी धुंडाळतांना शिर नसलेलें एक धड सांपडलें, आणि अंगावरील खुणांवरून तें भाऊंचेंच होय असें ठरून त्याला अग्नि देण्यांत आला. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें हा वृत्तांत लिहून ठेविला आहे. परंतु पुणें तेथून शेंकडों कोस दूर. तें धड पाहणारीं माणसें मोजकीं, आणि खात्रीची वाट पाहणारीं अगणित. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. या अनिश्चिततेचा फायदा घेऊन सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढें आला. १७७६ सालीं कोंकणांतील कित्येक किल्ले व बराच मुलूख त्याच्या हातीं गेला, आणि शेवटीं पुणें दरबारला त्याच्यावर फौज धाडून त्याचा निकाल लावावा लागला. नरसिंह चिंतामण केळकर यांच्या 'तोतयाचें बंड' या नाटकामुळें ही कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे.

हें बंड आपण बहुधा लोकांच्या भोळेपणाची गोष्ट म्हणून सांगतों. मला त्यांत वेगळा बोध दिसतो. पंधरा वर्षें लोटल्यावरहि शहाण्यासुरत्या माणसांना भाऊंचें मरण मनापासून पटलें नव्हतें, कारण तें त्यांच्या कानांवर आलें होतें, डोळ्यांपुढें आलें नव्हतें. ज्या मरणाला पुरावा नाहीं त्याच्या भोंवतीं आशा आणि अफवा यांचें रान माजतें, आणि त्या रानांत तोतये निपजतात.

बेपत्ता माणसाचें काय समजावें हा प्रश्न प्रत्येक समाजापुढें येतो. आपल्या धर्मशास्त्रानें बारा वर्षें वाट पाहून, पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नि देण्याचा पालाशविधि सांगितला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें सात वर्षांची मुदत घातली, आणि २०२३ सालीं झालेल्या नव्या कायद्यानेंहि ती सातच ठेविली. या सोयी आवश्यक आहेत. वारसाहक्क, पुनर्विवाह, श्राद्धपक्ष हीं कर्मे जन्मभर खोळंबून राहूं नयेत. परंतु या दोन्हींत माणूस मेला असें मानावयाचें असतें. तो मेला हें कळत नाहीं. मानणें आणि कळणें यांमधील अंतर केवढें आहे, तें तोडण्यास शास्त्र कसें पुढें आलें, आणि त्या शास्त्राला कोणीं पाचारण केलें, ही आजच्या भाषणाची हकीगत. ती आपल्यापासून फार दूर, दक्षिण अमेरिकेंतील आर्जेंटिना देशांत, गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत घडली.

आर्जेंटिना हा विस्तीर्ण व सुशिक्षित देश. २४ मार्च १९७६ रोजीं तेथील लष्करानें राज्यसत्ता बळकाविली. जनरल व्हिदेला, अॅडमिरल मासेरा आणि ब्रिगेडियर आगोस्ती या भूदल, नौदल व विमानदल यांच्या प्रमुखांचें त्रिकूट राज्य करूं लागलें. देशांत त्यापूर्वीं सशस्त्र बंडखोरांच्या टोळ्या होत्या, खून व अपहरणें होत होतीं, हें खरें. परंतु त्यांचा बीमोड करण्याच्या नांवाखालीं लष्करानें जें केलें तें कोणत्याहि कायद्यांत बसणारें नव्हतें. रात्रीं-अपरात्रीं बिननंबरी मोटारी दाराशीं येत, साध्या वेषांतील माणसें घरांत शिरत, आणि विद्यार्थी, कामगारपुढारी, शिक्षक, वकील, वृत्तपत्रकार, केव्हां केव्हां गरोदर स्त्रियाहि, उचलून नेत. त्यांना गुप्त बंदिशाळांत ठेवण्यांत येई. अशा सुमारें ३४० बंदिशाळा देशभर होत्या असें मागाहून निष्पन्न झालें. तेथें छळ होई, आणि फार थोडे तेथून जिवंत सुटत. कांहीं प्रेतें निनांवी पुरण्यांत येत. कांहीं कैद्यांना गुंगीचें औषध टोंचून विमानांतून समुद्रांत लोटून देण्यांत येई.

आईबाप पोलिसचौकीवर गेले म्हणजे उत्तर मिळे कीं, या नांवाचा इसम आमच्याकडे नाहीं. न्यायालयांत अर्ज केला तरी उत्तर तेंच. अटक नाहीं, खटला नाहीं, शिक्षा नाहीं, आणि प्रेतहि नाहीं. अशा माणसाला स्पॅनिश भाषेंत 'देसापारेसीदो', म्हणजे नाहींसा झालेला, म्हणूं लागले. १९७९ च्या सप्टेंबरांत सरकारनें कायदा करून या माणसांना मृत मानण्याची वाट मोकळी केली. डिसेंबरांत पत्रकारांनीं विचारलें तेव्हां व्हिदेला यानें सांगितलें कीं, बेपत्ता मनुष्य जिवंतहि नाहीं आणि मृतहि नाहीं. त्याला अस्तित्वच नाहीं. ज्यांनीं माणूस नेला त्यांनींच त्याला मेलेला मानावयास सांगावें, आणि कोठें, केव्हां, कसा मेला हें मात्र सांगूं नये, असा हा न्याय होता. पालाशविधींत निदान पुत्राचा शोक असतो. या कायद्यांत केवळ दप्तर मिटविण्याची घाई होती. कुटुंबांनीं त्याला कडवा विरोध केला.

हा विरोध त्यापूर्वींच आयांनीं आरंभिला होता. ३० एप्रिल १९७७ रोजीं चौदा स्त्रिया ब्यूनोस आयरीस या राजधानींत सरकारवाड्यासमोरील प्लासा दे मायो नांवाच्या चौकांत जमल्या. आसुसेना व्हियाफ्लोर ही त्यांची पुढारीण; तिचा मुलगा नाहींसा झाला होता. जमाव करून उभें राहण्यास मनाई होती. पोलिसांनीं 'चालत राहा' म्हणून दरडाविलें, तेव्हां त्या चौकांतील स्तंभाभोंवतीं चालूं लागल्या. पुढें दर गुरुवारीं हा प्रदक्षिणेचा क्रम सुरू झाला. एकमेकींची ओळख पटावी म्हणून त्यांनीं डोक्याला पांढरीं फडकीं बांधलीं; प्रारंभीं तीं फडकीं म्हणजे मुलांचीं बाळोतीं होतीं.

तोतया येथेंहि आलाच. मात्र हा सरकारनें धाडलेला होता. आल्फ्रेदो आस्तीस हा नौदलाचा तरुण अधिकारी, आपला भाऊ बेपत्ता आहे अशी बतावणी करून, खोट्या नांवानें या स्त्रियांत मिसळला. १९७७ च्या डिसेंबरांत ८ तारखेपासून १० तारखेपर्यंत बारा माणसें पकडून नेण्यांत आलीं. त्यांत आसुसेना व आणखी दोन माता, एस्तेर बायेस्त्रिनो आणि मारिया पोन्से, होत्या. आलिस दोमों आणि लेओनी दूके या दोन फ्रेंच जोगिणीहि होत्या. कांहीं दिवसांनीं अटलांटिकच्या किनाऱ्यावर प्रेतें वाहत आलीं. हाडें मोडण्याच्या प्रकारावरून तीं माणसें मोठ्या उंचीवरून पडलीं असावींत, अशी नोंद पोलिसांच्या डॉक्टरांनीं केली. मग जनराल लाव्हाये गांवच्या दफनभूमींत तीं प्रेतें पुरण्यांत आलीं, आणि नोंदवहींत नांवाच्या जागीं 'एन्. एन्.', म्हणजे नांव अज्ञात, हीं दोन अक्षरें पडलीं. मुलाला शोधणारी आई स्वतःच बेपत्ता झाली. तिच्या मैत्रिणी मात्र पुढच्या गुरुवारीं पुन्हां चौकांत आल्या.

१९८२ सालीं माल्विनास ऊर्फ फॉकलंड बेटांसाठीं ब्रिटनशीं झालेल्या युद्धांत आर्जेंटिनाचा पराभव झाला, लष्कराचा दरारा ओसरला, आणि १० डिसेंबर १९८३ रोजीं लोकनियुक्त अध्यक्ष राऊल आल्फोन्सिन अधिकारावर आले. कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ नेमण्यांत आलें. त्यानें १९८४ च्या सप्टेंबरांत ८,९६० बेपत्ता माणसांची नोंद सादर केली, आणि यादी अपुरी आहे असेंहि बजाविलें. मानवी हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्था ३०,००० हा आंकडा सांगतात.

आतां निनांवी थडगीं उघडण्यास प्रारंभ झाला. परंतु तो अशा रीतीनें झाला कीं, लाभापेक्षां हानीच अधिक व्हावी. न्यायाधीशांच्या हुकुमानें दफनभूमींत यांत्रिक फावडीं घालण्यांत आलीं. हाडें फुटलीं, एकाचीं दुसऱ्यांत मिसळलीं, बंदुकीच्या गोळ्या मातींत हरवल्या. खड्ड्याच्या कांठावर नातेवाईक उभे, आणि डोळ्यांदेखत पुराव्याचा चुरा होत आहे, असा देखावा होता. तेव्हां चौकशीमंडळानें व आजीबाईंच्या एका संस्थेनें (हिची हकीगत पुढें येईल) अमेरिकेंतील शास्त्रज्ञांकडे साहाय्य मागितलें. १९८४ च्या जूनमध्यें जें पथक आलें त्यांत क्लाइड स्नो हे अस्थितज्ज्ञ होते. विमानअपघातांतील मृतांची ओळख पटविण्यांत त्यांचें आयुष्य गेलें होतें. त्यांनीं प्रथम सांगितलें तें एवढेंच : ही खोदाई थांबवा.

पुढील काम करण्यास माणसें कोठून आणावींत? लष्कर पुन्हां सत्तेवर येणार नाहीं अशी खात्री कोणास नव्हती, त्यामुळें नाणावलेले विद्वान् कचरत होते. पुढें आले ते विद्यार्थी. कोणी मानववंशशास्त्राचे, कोणी पुराणवस्तुशास्त्राचे, कोणी वैद्यकाचे. बहुतेक विशीच्या घरांतले. स्नो यांनीं त्यांना हाताशीं धरून शिकविलें, आणि पुढील पांच वर्षें ते पुनःपुन्हां आर्जेंटिनांत येत राहिले. या मुलांची जी संस्था झाली ती 'आर्जेंटिनाचें न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक' या नांवानें आज जगभर प्रसिद्ध आहे. आयुष्यभर मुलांत वावरलेल्या माझ्यासारख्यास या घटनेचें विशेष वाटतें. जेथें मोठे मागें सरले तेथें विद्यार्थ्यांनीं फावडें उचललें, आणि तेंहि गुरूकडून नीट धडा घेऊन.

हा धडा काय होता तें थोडक्यांत सांगतों. पहिलें काम कागदांचें. दफनभूमीच्या नोंदवह्या, पोलिसांचे अहवाल, मृत्यूचे दाखले, वर्तमानपत्रांतील 'चकमकींच्या' बातम्या यांची तारखांनिशीं सांगड घालावयाची. अमुक महिन्यांत अमुक दफनभूमींत एकाएकीं तरुण, निनांवी व गोळीनें मेलेलीं प्रेतें कां वाढलीं, हें विचारावयाचें. दुसरें काम कुटुंबांशीं बोलण्याचें. मुलाची उंची किती होती? तो डावखुरा होता काय? लहानपणीं झाडावरून पडून हात मोडला होता काय? कोणता दांत भरला होता? या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याहि दप्तरांत मिळत नाहींत. तीं आईजवळ मिळतात. तिसरें काम खोदाईचें. पुराणवस्तुसंशोधक गाडलेलें नगर जसें थराथरानें उघडतो, तसें लहानशा थापीनें व ब्रशानें माती काढीत प्रत्येक अस्थीची जागा टिपावयाची व छायाचित्र घ्यावयाचें. चौथें काम प्रयोगशाळेंतलें. कमरेच्या हाडावरून स्त्री कीं पुरुष हें ओळखतां येतें, हांसळीच्या टोंकावरून व बरगड्यांवरून वयाचा अंदाज निघतो, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची निघते, आणि जुना भरून आलेला अस्थिभंग आईच्या शब्दाची साक्ष देतो. शेवटचें आणि सर्वांत कठीण काम म्हणजे जें समजलें तें घरच्या माणसांना समोर बसवून सांगणें.

कागदांच्या शोधांत एक विलक्षण गोष्ट हातीं लागली. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या विद्येचा पाया ज्या थोड्या देशांत प्रथम घातला गेला त्यांत आर्जेंटिना एक. हुआन व्हुसेतिच या पोलिसखात्यांतील अधिकाऱ्यानें बसविलेल्या पद्धतीनें १८९२ सालीं तेथें एका खुनाचा उलगडा झाला होता. पुढें आपल्याकडे १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें दप्तर निघालें. तेथें अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं केलेलें कामहि शास्त्राच्या इतिहासांत मान्यता पावलें आहे. आर्जेंटिनांत प्रत्येक नागरिकाच्या ओळखपत्रावर ठसे असत. त्यामुळें कित्येक निनांवी प्रेतांचेहि ठसे पोलिसांनीं संवयीनें घेतले होते आणि दप्तरीं लावले होते. नातलगांना 'ठाऊक नाहीं' म्हणून सांगणाऱ्या सरकारच्याच कपाटांत उत्तर पडून होतें. कारकुनाची शिस्त जुलमाच्या कामीं आली होती. तीच पुढें जुलमाविरुद्ध पुरावा झाली.

लष्करी त्रिकुटांवरील खटला १९८५ च्या एप्रिलमध्यें सुरू झाला. २४ एप्रिल रोजीं स्नो साक्षीस उभे राहिले. त्यांनीं न्यायालयांत पडद्यावर एका तरुण स्त्रीच्या कवटीचें चित्र दाखविलें. तिला गरोदरपणीं पकडून नेलें होतें, आणि पुढें निनांवी पुरलें होतें. कवटीवरील जखम अगदीं जवळून झाडलेल्या बंदुकीची होती; चकमकींत अशी जखम होत नाहीं. कमरेच्या हाडावरील खुणा सांगत होत्या कीं, मरणापूर्वीं ती प्रसूत झाली होती. म्हणजे तिला मूल होईपर्यंत जिवंत ठेवून नंतर मारलें होतें, आणि तें मूल कोठेंतरी वाढत होतें. त्या मूक अस्थींनीं एकाच वेळीं दोन अपराध उघड केले. ९ डिसेंबर १९८५ रोजीं व्हिदेला व मासेरा यांना जन्मठेप झाली. त्या स्त्रीचा मुलगा २००८ सालीं, तीस वर्षांचा झाल्यावर, सांपडला.

येथपर्यंत ऐकून कोणास वाटेल कीं, अस्थि मिळाल्यावर सर्वच माता कृतार्थ झाल्या असतील. तसें झालें नाहीं, आणि या इतिहासांतील हें प्रकरण माझ्या मतें सर्वांत विचार करण्याजोगें आहे. हेबे दे बोनाफिनी व त्यांच्या मताच्या अनेक माता थडगीं उघडण्याच्या विरुद्ध होत्या. आमचीं मुलें जिवंत नेलीं, तीं जिवंतच परत द्या, असें त्यांचें म्हणणें. हाडांची पेटी स्वीकारली म्हणजे मुलाच्या मरणावर आपणच सही केली, आणि मारेकरी कोण हें विचारण्याचा हक्क सोडला, अशी त्यांची भीति. इतर मातांना मात्र मुलाची अस्थि हातीं घेऊन ती पुरण्याचा हक्क हवा होता. या व अन्य मतभेदांमुळें १९८६ सालीं मातांच्या संस्थेचे दोन भाग झाले.

पहिल्या पक्षाची भीति निराधार नव्हती. त्याच सुमारास खटले आवरते घेणारे दोन कायदे झाले. एक १९८६ च्या अखेरीस, दुसरा १९८७ सालीं. गुन्हेगारांना मोकळें सोडून नातलगांच्या हातीं नुसत्या अस्थि ठेवणें हा सौदा होऊं शकतो, हें त्यांनीं अचूक ओळखलें होतें. तथापि दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि टाळतां येत नाहीं. आशा ही गोड वस्तु असली तरी तीस वर्षांची आशा ही एक प्रकारची कैदच होय. विद्यार्थ्यांच्या पथकानें यांतून जो नियम काढला तो मला योग्य वाटतो. कोणाहि कुटुंबावर ओळखीची सक्ति करावयाची नाहीं. पुरावा मात्र असा राखावयाचा कीं, तो आज न्यायालयानें नाकारला तरी वीस वर्षांनीं उभा राहील. दफन करण्याचा हक्क आणि न्याय मागण्याचा हक्क, यांपैकीं एकाच्या मोबदल्यांत दुसरा द्यावा लागूं नये, असा त्या नियमाचा अर्थ.

आतां ज्या आजीबाईंचा मघाशीं उल्लेख केला त्यांच्याकडे वळूं. १९७७ सालींच बारा स्त्रियांनीं निराळी संस्था काढली होती. त्यांच्या मुली व सुना गरोदरपणीं किंवा तान्ह्या मुलांसह पकडल्या गेल्या होत्या, आणि तीं मुलें लष्करी व पोलिस अधिकाऱ्यांच्या अथवा परक्यांच्या घरीं खोट्या नांवानें वाढत होतीं. अशीं सुमारें ५०० मुलें असावींत असा त्यांचा अंदाज. मूल सांपडलें तरी तें आपलें हें सिद्ध कसें करावें? आईबाप तर नाहींत. तेव्हां आजीआजोबांच्या रक्तावरून नातवाचें नातें सिद्ध होईल काय, असा प्रश्न घेऊन या वृद्धा देशोदेशींच्या शास्त्रज्ञांकडे गेल्या. अमेरिकेंतील अनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग प्रभृतींनीं त्याचें गणित बसविलें, आणि १९८४ च्या डिसेंबरांत आठ वर्षांची एक मुलगी न्यायालयाच्या हुकुमानें आपल्या आजीकडे परत आली. १९८७ सालीं कायद्यानें राष्ट्रीय अनुवंशपेढी स्थापन झाली. आज्या मरण पावल्या तरी त्यांचें रक्त साक्ष देण्यास शिल्लक राहावें, हा तिचा उद्देश.

पुढें डी. एन्. ए. ची परीक्षा आली. शरीरांतील प्रत्येक पेशींत एक अनुवंशद्रव्य असें असतें कीं तें केवळ आईकडून मुलांना मिळतें. म्हणून आजी, तिची मुलगी व त्या मुलीचें मूल यांत तें सारखेंच आढळतें. किंग यांनीं त्याचा उपयोग या कामीं केला. हेंच द्रव्य जुन्या हाडांतून व दांतांतूनहि काढतां येतें. २०२५ सालापर्यंत १४० नातवंडांची खरी ओळख पटली. हीं 'मुलें' आज चाळिशी-पन्नाशीच्या वयाचीं आहेत. कांहींना हें सत्य सुखावह झालें, कांहींना ज्यांना आईबाप म्हटलें त्यांच्याविषयींचें सत्य पचविणें जड गेलें. कळणें हें नेहमींच सुखाचें असतें असें नाहीं.

ब्यूनोस आयरीसजवळच्या आव्हेयानेदा येथील दफनभूमीचा एक कोपरा पथकानें १९८८ पासून १९९२ पर्यंत खणला, आणि तेथून ३३६ सांगाडे निघाले. त्या वेळीं त्यांतील फार थोड्यांना नांव देतां आलें. पण अस्थि जपून ठेवण्यांत आल्या, नातलगांच्या रक्ताचे नमुने जमत गेले, आणि अनुवंशशास्त्र पुढें गेलें तसतशीं एकेक नांवें निघूं लागलीं.

जनराल लाव्हायेच्या थडग्यांनाहि असाच उशिरां न्याय मिळाला. पथकानें तेथील निनांवी अस्थि काढून तपासल्या. २००५ सालीं आसुसेना व्हियाफ्लोर, तिच्या दोन सोबतिणी आणि लेओनी दूके यांची ओळख निश्चित झाली. हाडें उंचावरून पडल्यानेंच मोडलीं होतीं, म्हणजे १९७७ च्या डॉक्टरी नोंदीशीं सर्व जुळत होतें. समुद्रांत टाकलेलीं प्रेतें समुद्रानेंच साक्षीसाठीं परत आणून दिलीं होतीं. ८ डिसेंबर २००५ रोजीं आसुसेनेची रक्षा प्लासा दे मायो येथील त्याच स्तंभाच्या पायथ्याशीं पुरण्यांत आली, ज्याच्या भोंवतीं ती चालली होती. इतर तिघींना सांताक्रूस देवळाच्या आवारांत विसावा मिळाला. तेथूनच कित्येकांना पकडून नेण्यांत आलें होतें. त्याच वर्षीं आर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयानें ते दोन कायदे घटनाविरोधी ठरविले, खटले पुन्हां उभे राहिले, आणि २०११ सालीं त्या तोतया अधिकाऱ्यास, आस्तीसला, जन्मठेप झाली. २०१७ सालीं विमानांच्या चालकांनाहि शिक्षा झाली. वीस वर्षांनीं उपयोगी पडेल असा पुरावा राखण्याचा नियम येथें फळास आला.

त्या विद्यार्थ्यांची विद्या मग देशाबाहेर गेली. मध्य अमेरिकेंतील एल् साल्व्हादोर देशांत एल् मोसोते नांवाचें एक खेडें आहे. १९८१ च्या डिसेंबरांत तेथें सैन्यानें कत्तल केली होती, आणि अशी कत्तल झालीच नाहीं असें सरकार सांगत होतें. १९९२ सालीं पथकानें तेथील देवळालगतचें एकच पडकें घर खणलें. त्यांत १४३ सांगाडे निघाले, आणि त्यांपैकीं १३१ बारा वर्षांखालील मुलांचे होते. वादविवाद संपला.

माल्विनास बेटांवरील हकीगतींत आपल्या मुंबईचाहि एक धागा आहे. १९८२ च्या युद्धांत पडलेले आर्जेंटिनाचे सैनिक डार्विन येथें ब्रिटिश अधिकारी जेफ्री कार्डोझो यांनीं पुढील वर्षीं पुरले. प्रत्येक प्रेत जपून गुंडाळून कोणतें कोठें मिळालें याची त्यांनीं नोंद ठेविली. शत्रूच्या मृतांविषयीं दाखविलेली ही कर्तव्यबुद्धि स्मरणांत ठेवण्यासारखी आहे. ज्यांचीं नांवें कळलीं नाहींत अशा सुमारें १२० थडग्यांवर हा सैनिक केवळ ईश्वरास ठाऊक आहे, अशा अर्थाचे शब्द कोरण्यांत आले. या शब्दांचें मूळ रुडयार्ड किपलिंग यांनीं पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश थडग्यांसाठीं योजलेल्या शब्दांत आहे. १८६५ सालीं मुंबईस जन्मलेल्या या लेखकाचा एकुलता मुलगा १९१५ सालीं फ्रान्समध्यें बेपत्ता झाला होता, आणि बाप वर्षानुवर्षें त्याचा माग काढीत राहिला होता. डार्विनची थडगीं २०१७ सालीं दोन्ही सरकारांच्या संमतीनें आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनें उघडलीं. अनुवंशपरीक्षा आर्जेंटिनाच्या पथकाच्या कोर्दोबा येथील प्रयोगशाळेंत झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत ८८ सैनिकांचीं नांवें निश्चित झालीं. जें केवळ ईश्वरास ठाऊक होतें तें आतां त्यांच्या आयांनाहि ठाऊक झालें.

आपल्या माणसाचें काय झालें हें जाणण्याचा हक्क कुटुंबाला आहे, हें तत्त्व जिनीव्हा करारांना १९७७ सालीं जोडलेल्या पहिल्या पुरवणींत मान्य झालें आहे. माणसांना नाहींसें करण्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ सालीं झाला व २०१० पासून अमलांत आला. करार कागदावर आहेत. त्यांच्यामागें चौकांत चालणाऱ्या त्या स्त्रियांचीं पावलें आहेत, हें विसरतां कामा नये.

काम पुरें झालेलें नाहीं. आर्जेंटिनांतील बहुसंख्य बेपत्ता माणसें अद्याप सांपडलेलीं नाहींत; समुद्रानें जें परत दिलें नाहीं तें बहुधा कधींच मिळणार नाहीं. ज्यांच्या अस्थि प्रयोगशाळेंत आहेत पण ज्यांच्या नातलगांचें रक्त मिळालेलें नाहीं, असेहि आहेत. म्हणून पथक आजहि वृद्ध होत चाललेल्या भावाबहिणींना विनवीत असतें कीं, एक थेंब रक्त देऊन ठेवा.

त्या देशांत एक रिवाज आहे. स्मरणाच्या सभेंत बेपत्ता माणसाचें नांव मोठ्यानें घेतात, आणि जमलेले सर्व लोक त्याच्या वतीनें 'प्रेसेंते', म्हणजे 'हजर', असा ओ देतात. शाळेंत चाळीस वर्षें हजेरी घेतलेल्या माणसाला त्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाहीं. पटावरचें नांव कोणी खोडून टाकलें म्हणून मूल नव्हतेंच असें होत नाहीं. प्रत्येक गुरुवारीं दुपारीं प्लासा दे मायोच्या स्तंभाभोंवतीं अजूनहि पांढरीं फडकीं दिसतात. मूळच्या माता आतां फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्यांच्या बरोबर चालणाऱ्यांत पुष्कळ तरुण मुलें आहेत.